ज्याचा तुकडा त्याने कापावा

आमच्या सांडोय बेटावर कोणी वाळवणघराला कुलूप लावलं असं सांगितलं तर मेंढ्यासुद्धा हसतील. चोरणार कोण आणि काय? प्रत्येकाच्या वाळवणघरात तेच मेंढीचं मांस टांगलेलं असतं, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं बेचव लागतं. तरी त्या ऑक्टोबरात माझ्या पुतणीने, सुन्नेवाने, बापाच्या वाळवणघराला पितळी कुलूप ठोकलं, किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि बापाला, म्हणजे सकारिसला, त्याच्याच मेंढ्यांपासून तोडलं, अशी बातमी संध्याकाळच्या आत गावभर झाली.

ऑगस्टात गवत कापताना माझा हा थोरला भाऊ विळ्यासकट आडवा झाला होता, हेलिकॉप्टर त्याला उचलून घेऊन गेलं होतं आणि कोपनहेगनच्या मोठ्या दवाखान्यात त्याच्या हृदयात एक बारीक जाळी बसवली होती. तिथल्या डॉक्टरने निघताना बजावलं: मीठ कमी, चरबी कमी, वाळवलेलं खारवलेलं मांस बंद. त्याची नात, सुन्नेवाची लेक रानवा, राजधानीत टोर्सहावनला दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. तिने तो निरोप फोनवर आईला जसाच्या तसा सांगितला. सुन्नेवाने फोन ठेवला आणि कुलूप आणायला निघाली. शाळेत तीस पोरांना शिस्त लावणारी बाई ती, एका बापाची काय कथा!

सकारिसच्या वाळवणघराबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. फळ्याफळ्यांच्या भिंती, मधे बोटभर फटी, आणि त्या फटींतून समुद्रावरचा वारा आत शिरतो तो हिशेब चुकता केल्याशिवाय बाहेर पडत नाही. आमच्या आजोबांनी एकदा आपली लोकरी टोपी चुकून आत टांगून ठेवली. नाताळात बघतात तर तिचं शिवणाचं अंगुस्तान झालेलं. एकदा एक जाडजूड सरकारी तपासनीस रात्री मुक्कामाला आत झोपला, तो सकाळी एवढा सडपातळ होऊन निघाला की बायकोने त्याला घरात घेतलं नाही. अशा वाऱ्यात मेंढ्यांच्या मांड्या टांगायच्या, देवाचं नाव घ्यायचं आणि नाताळ जवळ येईपर्यंत हात लावायचा नाही. मीठ नाही, धूर नाही, काही नाही. नुसता वारा.

तर कुलूप लागल्यापासून सकारिस रोज दुपारी पावाचा तुकडा खिशात घालून वाळवणघराच्या वारा बाहेर पडणाऱ्या अंगाला जाऊन उभा राहायचा. फटींतून वास आला की पावाचा एक घास. परत वास, परत घास. मी सोबतीला असायचो.

"कसं आहे आज?" मी विचारायचो.

"डाव्या कोपऱ्यातली मांडी तयार होतेय," तो डोळे मिटून म्हणायचा. "उजवीकडची अजून कच्ची आहे. योआन, तू जरा सरक. तुझा वास मधे येतोय."

सुन्नेवाला हे कळलं तेव्हा तिने वासालाही बंदी करता येईल का, असं रानवाला फोन करून विचारलं म्हणतात. मी तिथे नव्हतो. पण या घराच्या भिंती पातळ आहेत आणि माझे कान लांब.

*

आमच्या घराण्यात नाताळाआधीच्या तिसऱ्या रविवारी पहिली मांडी उघडतात. चर्च सुटलं की सगळे थोरल्याच्या घरी. मांडी लाकडी पाटावर, शेजारी शिंगाच्या मुठीची सुरी. थोरल्याने पहिला तुकडा कापायचा, खायचा, मग सुरी पुढे सरकवायची. आणि नियम एकच: ज्याचा तुकडा त्याने कापावा. जाड कापा, पातळ कापा, कोणी बघत नाही असं दाखवत सगळे बघतात. दुसऱ्यासाठी कापून देतात ते फक्त दोघांना. दात न आलेल्या बाळाला, आणि अंथरुणावरून परत न उठणाऱ्याला.

त्या रविवारी प्रश्न असा होता की सकारिसच्या हातात सुरी येणार की नाही. त्याने आठवडाभर आधी जाहीर करून टाकलं होतं: "पहिला तुकडा मी कापणार नसेन, तर मी टेबलाशी बसणार नाही. आणि या घरात टेबलाशी न बसणाऱ्याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे." आम्हाला ठाऊक होतं. वहिनी, म्हणजे त्याची एल्स्पा, दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. तिची रिकामी खुर्ची अजून तशीच होती.

सकाळी स्वयंपाकघरात सुन्नेवा मोठ्या पातेल्यात सूप ढवळत होती. मटण, गाजर, सलगम, बटाटे. बापासाठी दुसऱ्या शेगडीवर वेगळा बटाटा उकळत होता, बिचारा एकटाच. सुन्नेवाच्या मनात काय चाललं होतं ते सांगतो. ती सूप ढवळत नव्हती, मनातल्या मनात भाषण ढवळत होती. आई गेली तेव्हा मी गप्प बसले, आता नाही बसणार. एवढंच ते भाषण. पण दर वेळी ते डोळ्यांतून सुरू व्हायचं, म्हणून ती परत चमचा फिरवायची.

तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ ट्रोंडुर आत आला. मासेमारी बोटीचा कप्तान. दार त्याला नेहमीच अरुंद पडतं. मागून त्याची बायको आल्मा. ट्रोंडुरने काखेतली काचेची बरणी ओट्यावर ठेवली.

"बाबांची बरणी," तो म्हणाला. "ताई, किल्ली कुठंय?"

"गळ्यात."

"काढ."

"तू काढून दाखव."

"अगं ताई, माणूस झिजला! त्यांची विजार बघितलीस? दोरीने बांधतायत, दोरीने! माझ्या बोटीवर नांगराला बांधतो तसली दोरी!"

"झिजला तरी चालेल, पण बसलेला हवा मला. तुला आठवतं ना आई कुठे बसली होती?"

 आल्माने सूप चाखलं आणि नणंदेच्या कानाशी लागली, "सुन्नेवा, ते कुलूप कुठून आणलंस? आणखी एक मिळेल? यांच्या पोटासाठी हवंय."

"तू कोणाच्या बाजूने आहेस?" ट्रोंडुर ओरडला.

"मी माझ्या शिलाईच्या बाजूने. दर नाताळात तुमचा सदरा उसवून मीच मोठा करते."

*

समुद्राखालून बोगदा झाल्यापासून राजधानीतले नातेवाईक कॉफी उकळायच्या आत दारात उभे राहतात. रानवाही तशीच आली. नवऱ्याचा, होग्नीचा, गुडघ्यापर्यंत येणारा लोकरी स्वेटर अंगात. होग्नी बोटीवर, दूर ग्रीनलंडच्या पाण्यात. नाताळाच्या आदल्या दिवशी परतणार. पोरगी पांढरीफटक दिसत होती. मी म्हटलं, "काय गं, बोगद्यात भूत भेटलं?"

"गाडी लागली, काका," ती म्हणाली. सरळ रस्त्याच्या बोगद्यात गाडी लागलेली मी पहिलीच बघितली. पण मी स्वतः आयुष्यभर एवढ्या थापा मारल्या आहेत की दुसऱ्याची थाप दिसली की मी आदराने टोपी काढतो आणि पुढे जातो.

रानवा मांस खात नाही. आजी गेल्यापासून सोडलं. आमच्याकडे हे अजून पाहुण्यांना सांगत नाहीत. पण त्या दिवशी तीच न्यायाधीश होती. दोन्ही बाजूंनी आधीच तिला गाठलं होतं. आईने फोनवर सांगितलं होतं, "कायमचं बंद म्हणून टाक, म्हणजे विषय मिटला." मामाने सांगितलं होतं, "एक तुकडा म्हणून टाक, म्हणजे म्हातारा जगला." आणि आबांनी, म्हणजे सकारिसने, काहीच सांगितलं नव्हतं. दारातच तिचा हात धरून ते एवढंच म्हणाले, "खरं सांग. गोड नको, खरं." बोगद्यातून येताना तिला भीती वाटत होती ती त्याचीच.

टेबलाभोवती अर्धं घराणं जमलं. मांडी पाटावर आली. सुन्नेवाने किल्ली क्षणभर गळ्यातून काढून, मांडी आणून, परत गळ्यात घातली होती. मांडी काळपट, वरून पांढरी बुरशी, आतून लालभडक. वास असा सुटला की भिंतीवरच्या तसबिरींतले पूर्वजही पुढे झुकल्यासारखे वाटले. सकारिस दारातच उभा राहिला. बसेना.

"बाबा, बसा."

"आधी निकाल."

"चला तर मग," ट्रोंडुर टेबलावर थाप मारून म्हणाला. "मी सांगतो. आमचे पणजोबा! रोज सकाळी मेंढीची चरबी पावाला लावून खायचे, वाटीभर. किती जगले? अठ्ठ्याण्णव! आणि मेले ते हृदयाने नाही, कड्यावरून पडून. पक्षी धरायला गेले होते, दोन्ही हातांत एकेक पक्षी!"

"तीन पक्षी," मी म्हटलं. "एक दातांत होता."

"काका, गप्प बसा," सुन्नेवा म्हणाली. "आणि पणजोबांचे भाऊ? ते का नाही सांगत? एक तिशीत गेला, एक पस्तिशीत."

"समुद्राने नेले ते!"

"तेच म्हणतेय मी, मामा," रानवा पहिल्यांदा बोलली. "त्या माणसांची हृदयं चरबीने बिघडायला वेळच कुठे मिळाला? कडा आणि समुद्र आधी पोहोचायचे. जो एक वाचला त्याचं नाव तुम्ही घेता. बाकीच्यांची थडगीही नाहीत."

 सुन्नेवा अशी बसली, जणू शाळा तपासायला आलेल्या साहेबाने तिच्या वर्गाची पाठ थोपटली होती. पण रानवा थांबली नाही.

"पण आई, दुसरी बाजूही खरी आहे. आबांच्या वयाला अंगावरचं मांस गेलं की परत येत नाही. पाय लटपटतात, माणूस पडतो, खुबा मोडतो. त्यानेही माणसं जातात. नुसत्या बटाट्यावर आबा उभे राहणार नाहीत."

आता ट्रोंडुर फुगला. आल्माने त्याच्या बरगडीत कोपर घातलं. एवढ्या वेळात दोन्ही पक्षांनी एकेकदा जिंकून घेतलं, आणि निकाल होता तिथेच.

"मशीन काढ," सकारिस दारातून म्हणाला.

रानवाने पिशवीतून बीपीचं मशीन काढलं. सकारिस बसला, पण टेबलाशी नाही, दाराजवळच्या बाकावर. बाही वर केली. पट्टा फुगला. आमच्या घरात एवढी शांतता मी फक्त रेडिओवर वादळाची बातमी सांगतात तेव्हा ऐकली आहे. मशीन टिकटिकलं, सुस्कारलं.

रानवाने आकडा बघितला. परत पट्टा बांधला. परत बघितला.

"वाढलंय," ती म्हणाली. "ऑक्टोबरात होतं त्याहून बरंच. आबा, मोजा काढा बरं."

पाय सुजलेले होते. तिने नडगीवर अंगठा दाबला तसा खड्डा पडला आणि पडलेलाच राहिला.

सुन्नेवाच्या तोंडचं पाणी पळालं, आणि पुढच्याच क्षणी सगळं रक्त चेहऱ्यावर चढलं. "चोरून खाताय! बाबा, तुम्ही चोरून खाताय! फटीतून हात घालता ना? योआन काका, तुम्हीच! तुमची बोटं बारीक आहेत!"

"माझी बोटं?" मी दोन्ही हात वर केले. "या बोटांनी मी जन्मात फक्त पत्ते चोरले आहेत."

"एल्स्पाची शपथ," सकारिस म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "कुलूप लागल्यापासून मेंढीचा कणभर तुकडा माझ्या जिभेवर आलेला नाही."

एल्स्पाची शपथ त्याने त्याआधी आयुष्यात एकदाच घेतली होती, आणि ती लग्नात. सगळ्यांना पटलं. आणि पटलं तसं वाईटही वाटलं. कारण बघा, मटण न खाता हे हाल असतील, तर आता मटणाचं नावही काढायला नको. सकारिसला आमच्या सगळ्यांच्या आधी हे कळलं. तो उठला, पाटावरच्या मांडीकडे एकदा बघितलं आणि टोपी घ्यायला वळला. ट्रोंडुर, वादळात बोट सांभाळणारा माणूस, टेबलक्लॉथच्या टोकाशी चाळा करत बसला.

"थांबा आबा," रानवा म्हणाली. "टोपी ठेवा. कोपनहेगनच्या डॉक्टरने मीठ बंद सांगितलं होतं. या मांडीला मीठ किती लावता?"

"मीठ?" सकारिसला जणू कोणी विचारलं होतं की बोटीला चाकं किती. "मीठ कोण लावतं? वारा असतो की!"

"तेच. तिकडे वाळवलेलं म्हणजे खारवलेलंच. डॉक्टरला वाटलं इथेही तसंच. मी टोर्सहावनमध्ये वाढलेली नाही, या घरात वाढले आहे, तरी मी तो निरोप जसाच्या तसा दिला. एकदाही थांबून विचार केला नाही." ती आईकडे वळली. "मग हे पायांतलं मीठ आलं कुठून? आई, तू आबांना जेवायला काय देतेस?"

"तू सांगितलंस तेच! समुद्रातलं. मासा. वाळवलेला मासा, बटाटा..." सुन्नेवा ठामपणे म्हणाली. "आणि वर तोंडी लावायला थोडं... तेही समुद्रातलंच."

"थोडं काय?"

सुन्नेवाने ट्रोंडुरकडे बघितलं, ट्रोंडुरने छताकडे. ओट्यावरची ट्रोंडुरची बरणी मात्र उन्हाची तिरीप पडून चमकली. तुम्ही म्हणाल डिसेंबरात आमच्याकडे ऊन कुठलं. मी सांगतो, पडलं होतं. त्या बरणीवरच पडलं होतं.

रानवा उठली. झाकण काढलं. आत देवमाशाच्या चरबीचे पांढरे काप, खाऱ्या पाण्यात बुडालेले. तिने बोट बुडवून जिभेला लावलं आणि तिचं तोंड असं वाकडं झालं की आल्माने धावत पाणी आणलं.

"आई! हे तर मीठच! चरबी आणि मीठ! रोज देतेस?"

"दोन पाण्यांतून काढून देते!" सुन्नेवा म्हणाली.  "समुद्रातलं तेल हृदयाला चांगलं, तूच म्हणतेस. आणि... बाबा नुसता बटाटा बघून ताट सरकवायचे गं. काहीतरी चवीचं नको का? आई असती तर तिने दिलं असतं ना काहीतरी?"

"आणि आणून कोण देतं?"

"मी," ट्रोंडुर म्हणाला. एवढा मोठा माणूस एवढ्या लहान आवाजात बोललेला मी ऐकला नव्हता. "दर रविवारी. मला वाटलं, ताई मटण देत नाही तर निदान..."

"म्हणजे," मी म्हटलं, कारण कोणीतरी म्हणायला हवं होतं, "एकाने कुलूप लावलं, दुसऱ्याने कुलूप तोडायला पहारीऐवजी देवमासा आणला, आणि दोघांनी मिळून बापाला आगीतून फुफाट्यात टाकला."

आधी आल्मा हसली. मग सकारिस. त्याचं हसू पोटातून सुरू होतं आणि वर यायला वेळ लागतो, पण आलं की खिडक्या हलतात. सुन्नेवा रडत होती आणि मधेच तिलाही हसू फुटलं. ट्रोंडुरने बरणी उचलली, दार उघडलं आणि ती थेट बाहेर समुद्रपक्ष्यांपुढे रिकामी केली. असं म्हणतात की त्या दिवसापासून आमच्या किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचेही पाय सुजलेले आहेत.

*

"निकाल," सकारिस म्हणाला.

रानवा उभी राहिली. स्वेटरच्या बाह्यांत हात लपवून. "बरणी बंद. कायमची. देवमासा या टेबलावर नकोच, तो समुद्रातून नुसतं तेल नाही, पारासुद्धा घेऊन येतो. रोज ताजा मासा, शिजवलेला. आणि मांडी..." ती थांबली. "वाऱ्याचा दोष नाही, पण चरबी चरबीच असते, आबा. रोज नाही. आठवड्यालाही नाही. सणाला, आणि पाहुणा आला तर. चरबी काढून, लाल तेवढं. एक तुकडा. आणि तोही पातळ. हे खरं आहे, गोड नाही."

सकारिसने मान हलवली. बाजारात चांगला मेंढा योग्य किमतीला सुटल्यावर हलवतो तशी. मग तो आला आणि टेबलाशी, आपल्या खुर्चीत, बसला. खोलीभर श्वास सुटले.

सुन्नेवाने नाक पुसलं आणि सुरी उचलली. "द्या, मी कापते. पातळ कापते, चरबी काढून. तुमचा हात जड आहे बाबा."

सगळे थिजले. तिला कळलंच नाही काय करून बसली. काळजीने हात पुढे गेला होता, बस. सकारिस तिच्या हातातल्या सुरीकडे बघत राहिला.

"मला दात आहेत, सुन्नेवा," तो म्हणाला. "आणि अंथरुणावर मी नाही. तू कापणार असशील तर ठेव तो तुकडा. माझ्या शवपेटीवर ठेवायला कामी येईल."

सुन्नेवाच्या मनातलं आता सांगतो, कारण ते तिने मला नंतर स्वतःच सांगितलं. तिला दिसत होती आई. याच टेबलाशी, हीच सुरी हातात, जाड तुकडा कापताना एका बाजूला कललेली. तिला वाटत होतं, सुरी माझ्या हातात आहे तोवर बाबा या खुर्चीत आहेत. आणि बाबांना वाटत होतं, सुरी माझ्या हातात नाही म्हणजे मी या खुर्चीत नाहीच. दोघंही एकाच गोष्टीला घाबरत होते, आणि दोघांमध्ये ती पातळशी सुरी.

रानवाने हळूच आईची बोटं सोडवली. सुरी घेतली, उलटी धरली आणि शिंगाची मूठ आबांपुढे केली.

"किती पातळ ते सांगितलंय मी," ती म्हणाली. "कापायचं तुम्ही."

सकारिसने सुरी घेतली. अंगठ्याने धार बघितली. मांडी वळवली, वरची बुरशीची कड काढली, पिवळी चरबी सोलून बाजूला सारली. ट्रोंडुरने डोळे झाकले आणि बोटांच्या फटीतून बघत राहिला. मग सकारिसने सुरी अशी आडवी ओढली की आवाजच आला नाही. तुकडा पात्यावर उचलला आणि खिडकीसमोर धरला. खरं सांगतो, त्यातून मला पलीकडचं बेट दिसलं. बेटावरचं दीपगृह दिसलं. दीपगृहात माणूस जेवायला बसला होता, तोही दिसला.

"चालेल का, सुन्नेवा?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली.  तिने गळ्यातला दोरा काढला आणि किल्ली टेबलावर ठेवली.

त्याने तुकडा जिभेवर ठेवला. चावला नाही. डोळे मिटले. किती वेळ! मी मधे कॉफी ओतली. शेवटी गिळलं तेव्हा म्हणाला, "उजव्या कोपऱ्यातली आहे ही. म्हटलं होतं ना योआन, अजून दोन आठवडे हवे होते."

टेबल उसळलं. टाळ्या, शिट्ट्या, ट्रोंडुरने बापाच्या पाठीत अशी थाप मारली की हृदयातली जाळी हलली असती. आता सुरी पुढे जायची, वयाप्रमाणे माझ्याकडे. मी हात पुढे केला, पण सकारिसने तोवर मूठ रानवाकडे वळवली होती.

"काका थांबेल. त्याने आयुष्यभर माझी मांडी खाल्ली आहे," तो म्हणाला. "न्यायाधीशाला पहिलं. घे, अथवा पुढे दे. ज्याचा तुकडा त्याने कापावा."

सगळ्यांना वाटलं, ती नेहमीसारखी हसून पुढे देईल. सुन्नेवा म्हणालीही, "बाबा, ती नाही खात, ठाऊक आहे ना."

रानवाने सुरी पुढे दिली नाही.

"मी गेला दीड महिना दुसऱ्यांना सांगते ते स्वतःला सांगतेय," ती सुरीकडे बघत म्हणाली. "माझ्या रक्तात लोह नाही. गोळ्या घेतल्या की उलट्या होतात. मसूर, पालक, सगळं करून बघितलं, आकडा हलत नाही. आबांना मांस जपून हवं. मला..." तिने मांडी आपल्याकडे ओढली आणि कापायला लागली. आणि काय कापली! अंगठ्याएवढी जाड! ट्रोंडुरच्या तोंडून "अरे वा!" निघून गेलं. गावात कोणत्याही पुरुषाने एवढा तुकडा मांडी उघडायच्या रविवारी चारचौघांत कापायची हिंमत केली नसती.

तिने तो तुकडा ताटात घेतला, उठली, सरळ शेगडीपाशी गेली आणि उकळत्या सुपात सोडून दिला.

ट्रोंडुर किंचाळला. मी अतिशयोक्ती करत नाही. वाऱ्यावर वाळलेली मांडी उकळणं हे आमच्याकडे चर्चमध्ये शीळ घालण्याच्या खालोखाल आहे. "उकळतेस? वेडी झालीस? अगं, ती अशीच खायची असते!"

"मला कच्चं चालणार नाही, मामा." ती पातेल्याकडे तोंड करून उभी होती, पाठ आमच्याकडे. "मे महिन्यापर्यंत तरी नाही. होग्नी आल्यावर सांगणार होते, पण आता भूक लागली आहे."

खोलीत फक्त सूप बोलत होतं.

सुन्नेवाचा हात रिकाम्या गळ्याकडे गेला. मग दोन्ही हात तोंडाकडे. मग ती उठली ती खुर्ची पाडूनच, आणि लेकीला मागून मिठी मारून, त्या मोठ्या स्वेटरवर पोटापाशी तळवा ठेवून उभी राहिली. आल्मा मोठमोठ्याने रडायला लागली. सकारिस आपल्या खुर्चीत मागे रेलला, दोन्ही हात टेबलावर, बोटीचं सुकाणू धरल्यासारखे.

"मेमध्ये काय आहे?" ट्रोंडुर एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. "अरे, मेमध्ये काय आहे?"

"आपल्याकडे मेमध्ये काय येतं रे, मेंढरा?" सकारिस म्हणाला. "कोकरं!"